पूल क्यूसाठी चामड्याची केस: पहिल्यांदा बनवणाऱ्यांसाठी

पूल खेळायच्या काठीची, म्हणजे क्यूची, केस बनवायची ठरली की बहुतेक जण आधी चामडं घेऊन येतात. मग ते टेबलावर पसरून विचार करत बसतात. क्रम नेमका उलटा हवा. आधी क्यू मोजायचा, त्यावरून नळ्या, नळ्यांवरून फरमा, आणि फरम्यावरून चामडं. केसचं खरं काम आतल्या नळ्या करतात. त्या क्यूला सरळ ठेवतात, आपटू देत नाहीत आणि ओल दूर ठेवतात. चामडं त्या नळ्यांना सांभाळतं.

ठाणे-नवी मुंबईत ओल हाच मुख्य शत्रू आहे. खाडीकाठची हवा, त्यात जून ते सप्टेंबर दिवसचे दिवस 80 टक्क्यांच्या वर आर्द्रता. मेपल किंवा अ‍ॅशचा शाफ्ट (क्यूचा पुढचा, बारीक तुकडा) अशा हवेत एका अंगाने ओल धरतो आणि वाकतो. तयार मिळणाऱ्या स्वस्त केसेसमध्ये आत स्पंज असतो. एकदा भिजला की तो आठवडाभर ओला राहतो आणि क्यू त्याच ओलीत पडून राहतो. खालच्या पद्धतीत ही अडचण येत नाही.

आधी क्यू तपासा

इथल्या बऱ्याच क्लबमध्ये पूलपेक्षा स्नूकर जास्त खेळतात. त्यामुळे तुमच्याकडे थ्री-क्वार्टर जॉइंटचा स्नूकर क्यू असू शकतो. त्याचा लांब तुकडाच 42 ते 44 इंच भरतो, म्हणून हे माप त्याला चालणार नाही. इथलं सगळं गणित मधोमध जॉइंट असलेल्या, 58 इंची, दोन तुकड्यांच्या पूल क्यूचं आहे: एक बट (मागचा जाड तुकडा), एक शाफ्ट. पहिल्या प्रयत्नाला एवढंच करा. दोन बट आणि चार शाफ्टची केस दिसते छान, पण तिच्या गोलाईत नवख्याचा हात चुकतो.

दोन्ही तुकडे जॉइंट प्रोटेक्टर (जोडाच्या टोकावर बसवायचं बूच) लावून मोजा. बटाला पुढे पिन असते, म्हणून प्रोटेक्टरसकट तो साधारण 770 मिमी भरतो. शाफ्ट थोडा कमी. बटाचा सर्वांत जाड व्यास बहुधा 30 ते 32 मिमी आणि शाफ्टचा जॉइंटजवळचा व्यास 21 ते 22 मिमी असतो. प्रोटेक्टर शाफ्टपेक्षा जाड असेल तर तोच व्यास धरा. पुढची मापं 770 मिमी बट धरून दिली आहेत. तुमच्या बटात जेवढा फरक असेल, तेवढा फरक नळीच्या आणि बॉडीच्या (टोपणाखालच्या चामडी भागाच्या) लांबीत करा.

नळ्या आणि फरमा

प्लंबिंगच्या दुकानात बाहेरचा व्यास 40 मिमी आणि 32 मिमी असलेले कडक पीव्हीसी पाइप मिळतात. जाडी दीड-पावणेदोन मिमीच्या आसपास असेल तर आतून अनुक्रमे 37 आणि 28 मिमीची जागा मिळते. जाड पाइप घेऊ नका, वजन विनाकारण वाढतं. दोन्ही प्रकार दोन-दोन मीटर घ्या. त्यातून प्रत्येकी एक तुकडा 730 मिमीचा कापा, तो केसमध्ये जाणार. एक 900 मिमीचा कापा, तो फरमा. चांभार चपलेला लाकडी फरमा वापरतो, तसं ओलं चामडं आपण या लांब नळ्यांवर बसवणार आहोत. केसच्याच नळ्यांवर बसवायला गेलात तर टोपणाच्या भागाखाली आधार राहत नाही आणि तिथे चामडं खचतं.

730 हा आकडा कुठून आला? बट 770, खाली 10 मिमीची गादी, म्हणजे वरून 50 मिमी बाहेर राहतं. त्यातले 25 मिमी प्रोटेक्टरचे आणि 25 लाकडाचे. हे लाकूड बाहेर दिसलंच पाहिजे. नुसता प्रोटेक्टर धरून ओढलं तर तो हातात येतो आणि क्यू आत राहतो.

पाइप हॅकसॉने काटकोनात कापा. आतली-बाहेरची धार 220 नंबरच्या पॉलिश पेपरने मारा. अस्तर फाटतं ते नेहमी इथे ठेवलेल्या बारीक कंगोऱ्यामुळे.

आता अस्तर. पातळ मखमल किंवा मऊ फेल्ट चालेल. आत रेक्झिन नको, मऊ पीव्हीसी बरेच दिवस टेकून राहिलं तर क्यूच्या पॉलिशला चिकटतं. बटाच्या नळीसाठी 125 मिमी रुंद आणि 780 मिमी लांब पट्टी कापा, शाफ्टसाठी 100 मिमी रुंद. उभी शिवण घालून लांब पिशवी करा. शिवणीचं जाड अंग नळीच्या भिंतीकडे गेलं पाहिजे. मखमलीचा लव खालच्या दिशेने ठेवा. क्यू आत सहज सरकतो आणि केस कलती झाली तरी आपोआप बाहेर घसरत नाही. टोकाला दोरी बांधून पिशवी नळीतून ओढून घ्या, दोन्हीकडचं 25 मिमी कापड बाहेर दुमडून चिकटवा. नळीच्या आत सोल्युशन (चपला जोडायचा रबरी गोंद) लावू नका. बंद जागेत त्याचा वास आणि वाफ कित्येक दिवस सुटत राहते.

तळाशी चपलेच्या सोलचं 10 मिमी ईव्हीए (दाट फोम) गोल कापून घट्ट बसवा. शाफ्ट बटापेक्षा आखूड असेल तर त्याच्या नळीत गादी तेवढी जाड करा, म्हणजे दोन्ही टोकं वर एका पातळीत येतील. दोन्ही नळ्या शेजारी धरून चार ठिकाणी कापडी टेपने बांधा. वरून पाहिलं तर 72 बाय 40 मिमीचा, एका बाजूला निमुळता लंबगोल दिसेल. ही दोन मापं लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागतील.

चामडं घेताना

ठाण्याहून स्लो लोकलने सायन गाठा. नवी मुंबईहून हार्बरने कुर्ला गाठा, तिथे सीएसएमटीकडे जाणारी मध्य रेल्वेची स्लो लोकल पकडा आणि पुढच्याच सायन स्टेशनला उतरा. धारावीच्या चामड्याच्या दुकानांपर्यंत तिथून चालत जाता येतं. मागायचं ते व्हेज टॅन (झाडांच्या सालींनी कमावलेलं), म्हशीचं, 3 मिमी जाडीचं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते याच जातीचं. क्रोम टॅन (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) मऊ आणि स्वस्त असतं, जॅकेटला उत्तम, पण ते ओलं करून आकार दिला तरी धरत नाही.

ओळखायला तीन खुणा आहेत. कापलेली कड पाहा: व्हेज टॅन आतपर्यंत तपकिरी असतं, क्रोमच्या गाभ्यात निळसर-राखाडी झाक दिसते. पाण्याचा थेंब टाका: व्हेज टॅनवर डाग लगेच गडद होतो. नखाने दाबा: वण राहायला हवा. तिन्ही जमलं तर घ्या.

मोजमाप चौरस फुटात होतं. केसला प्रत्यक्ष तीन चौरस फूट लागतं, पण पाच घ्या. पोटाकडचा भाग सैल आणि ताणणारा असतो, तो बॉडीला चालत नाही. कातड्यावर व्रण असतात, आणि पट्ट्यासाठी सलग लांबी लागते. शिवाय तळ-टोपणासाठी 2 मिमीचा एक फूटभर आणि गळ्यासाठी, म्हणजे नळ्यांच्या टोपणात जाणाऱ्या वरच्या भागासाठी, 1 मिमीचा छोटा तुकडा लागेल. बॉडी नेहमी पाठीच्या कण्याला समांतर कापा. त्या दिशेने चामडं सर्वांत कमी ताणतं.

कापणी

फरम्याच्या नळ्या बांधून त्यावर 2 मिमी जाडीचा फोम एक वेढा गुंडाळा आणि वरून प्लास्टिकचा कागद घट्ट लावा. आता घेर मोजायचा. इथे कागदाची पट्टी फसवते. कागदाला जाडी नाही, चामड्याला आहे. 3 मिमी चामड्याला त्या जाडीपायी घेरात साधारण 9 मिमी जास्त लागतात. म्हणून त्याच चामड्याची बोटभर रुंद कात्रण फरम्याभोवती ओढून गुंडाळा, दोन्ही टोकं जिथे भेटतात तिथे खूण करा. आपल्या मापाला हे साधारण 207 मिमी येईल. शिवणीसाठी दोन्ही कडांना 12-12 मिमी आणि आटण्यासाठी 7-7 मिमी धरा. एकूण रुंदी 245 मिमी.

बॉडीची लांबी 685 मिमी. टोपणाची 145. नळ्या बॉडीच्या तोंडातून 60 मिमी वर येतात आणि टोपण त्या गळ्यावर बसतं. बॉडी आणि टोपण एकाच घेराचे असतात, कडेला कड भिडते.

बॉडीच्या दोन्ही लांब कडांना दोन-दोन कान ठेवा: 60 मिमी लांब, 25 मिमी बाहेर आलेले. पहिला तोंडापासून 60 मिमी खाली, दुसरा त्याच्या 400 मिमी खाली. पट्ट्याच्या कड्या या कानांत अडकवायच्या. बरेच जण कडीसाठी बॉडीलाच रिव्हेट मारतात. सगळं वजन तेवढ्याच भोकावर येतं आणि वर्षभरात ते भोक लांबट होतं. कान शिवणीत धरलेले असले की भार दहा-पंधरा टाक्यांवर वाटला जातो.

नक्षी हवी असेल तर ती आता, चामडं सपाट असताना. पहिल्या केसवर सरळ रेघा किंवा वारलीचे त्रिकोण पुरेत. गोलाईवर ताणलं तरी ते बिघडल्यासारखे दिसत नाहीत.

ओलं करून बसवणं

स्वच्छ स्पंजने दोन्ही बाजूंनी पाणी लावा, बुडबुडे थांबले की पुरे. प्लास्टिकमध्ये गुंडाळून चार-पाच तास ठेवा, म्हणजे ओल मध्यापर्यंत सारखी पोचते. काढल्यावर रंग जवळपास मूळचा दिसायला लागतो, पण गालाला लावलं तर गार लागतं. हाच क्षण. चिंब चामडं आकार घेतं पण वाळताना सोडतं.

लोखंडापासून जपा. व्हेज टॅनमधलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळा डाग पडतो. गंजकी बादली, क्लॅम्पचा जबडा, हॅकसॉचा भुसा, काहीही पुरतं. पाणी प्लास्टिकच्या तपेलीत घ्या, अंगठ्या काढा, नखं कापा. डाग पडलाच तर ओला असतानाच लिंबाचा रस चोळा आणि लगेच स्वच्छ पाण्याने पुसा.

चामडं फरम्यावर ओढून घ्या. दोन्ही कडा बटाच्या, म्हणजे जाड नळीच्या बाजूला एकत्र येतील असं धरा. वजन बटात असतं. शिवणीचा कणा त्याच बाजूला असला की केस पाठीवर फिरत नाही. दोन्ही कडांची खडबडीत बाजू आतून एकमेकींना भिडते आणि माशाच्या पंखासारखी पट्टी बाहेर येते. त्या पंखाच्या दोन्ही बाजूंना सुताराकडून आणलेल्या 850 मिमी लांब लाकडी पट्ट्या लावा, नळीला अगदी भिडवून, आणि दर 80 मिमीवर कागदाचे मोठे क्लिप मारा. क्लिप थेट चामड्यावर लावलेत तर त्यांचे ठसे कायमचे. टोपणाचा तुकडाही त्याच फरम्यावर, बॉडीच्या पुढे, त्याच रांगेत बसवा.

उरलेली गोलाई हाडाच्या पट्टीने किंवा गुळगुळीत लाकडी चमच्याच्या पाठीने दाबत न्या, विशेषतः दोन नळ्यांमधल्या सपाट भागावर. तिथे फुगा राहतो.

डिसेंबरमध्ये पंख्याखाली 24 ते 36 तासांत वाळेल. जुलैत चार दिवस धरा. ऊन, हेअर ड्रायर, इस्त्री काहीच नको. तापलेलं ओलं चामडं आक्रसतं, कडक होतं आणि वाकवल्यावर तडकतं. जमलं तर हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा.

तोवर तळ आणि टोपणाची वाटी करून घ्या. 20 मिमी जाड लाकडाचा ठोकळा 72 बाय 40 च्या त्याच लंबगोलात कापा, कड किंचित गोल मारा. ओलं 2 मिमी चामडं त्यावर ओढून भोवती दोरी आवळा. दोरीचा वळ दिसणार नाही, तो भाग आत जातो. वाळल्यावर 12 मिमी उंचीची भिंत ठेवून कापा. 2 मिमी जाडी धरून वाटी बाहेरून 76 बाय 44 होते, म्हणजे बॉडीच्या आतल्या मापाला नेमकी. अशा दोन हव्यात.

शिवण

वाळल्यावर फरमा काढा. पंख 12 मिमी ठेवून जास्तीचं कापा. हे ओलं असताना कधीच करू नका, चामडं आटून एक बाजू कमी पडते. कानांची कड गोल करा, पंखाची आतली बाजू खरखरीत करून फेविकॉल एसआर 998 हे सोल्युशन दोन्हीकडे पातळ लावा. दहा-बारा मिनिटांनी बोटाला चिकटेनासं झालं की दाबून जोडा. रंग द्यायचा असेल तर जोडण्याआधी द्या, सोल्युशनच्या डागावर रंग चढत नाही.

कडेपासून 5 मिमीवर डिव्हायडरने रेघ ओढा. 4 मिमी अंतराच्या डायमंड पंचाने (शिवणीची भोकं पाडायच्या दातेरी हत्याराने) दोन्ही थरांतून एकदम भोकं पाडा, खाली लाकडी पाट घेऊन. एकूण 6 मिमी जाडी आहे. पंच जरा कलला तरी मागची ओळ सापासारखी जाते, म्हणून दर चार ठोक्यांनी उलटून बघा.

दोरा 0.8 मिमीचा मेणाचा पॉलिएस्टर, दोन्ही टोकांना सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मशिनच्या टाक्यात एक धागा तुटला की ओळ उसवत जाते, यात शेजारचा टाका तसाच राहतो. दोरा शिवणीच्या चौपट लागतो. 685 मिमीला पावणेतीन मीटर. एवढा सलग दोरा नवख्याच्या हातात गुंततो आणि मेण घासून जातं. 1.6 मीटरचे दोन तुकडे घ्या, दुसरा सुरू करताना तीन भोकं मागे या. नेहमी एकच सुई आधी घाला, उदाहरणार्थ डावी, आणि दुसरी त्या दोऱ्याच्या मागून न्या. क्रम बदलला की टाके एकदा तिरके, एकदा सरळ दिसतात. ओढ सारखी ठेवा. चामड्यात दोरा रुतून कड वर आली तर जास्त झाली.

कानांमध्ये रिव्हेट आणि डी-कडी आताच बसवा. त्यानंतर तळाची वाटी, भिंत खालच्या बाजूला करून, बॉडीच्या खालच्या टोकात सरकवा आणि कडेपासून 5 मिमीवर सगळीकडून शिवा. तळ असा 12 मिमी आत राहतो. ओल्या प्लॅटफॉर्मवर केस उभी केली तर पाण्याला फक्त कड लागते, तळ कोरडा राहतो. टोपणाची वाटी भिंत वर करून तशीच शिवा आणि आत छताला 5 मिमी ईव्हीए चिकटवा.

आत बसवणं आणि टोपण

नळ्यांच्या वरच्या 60 मिमीला 1 मिमीचं पातळ चामडं गुंडाळून चिकटवा. हा गळा. त्याखालच्या 670 मिमीला 2 मिमी फोम. या एका मिलिमीटरच्या फरकाने टोपण सहज सरकतं. फोम गळ्यावर चढवलात तर टोपण हिवाळ्यात बसेल, पण जुलैत चामडं फुगल्यावर अडकेल.

बंद, टिच बटण, टोपण हरवू नये म्हणून लावायची पट्टी, बॉडीला रिव्हेट मागणारं सगळं नळ्या आत जाण्याआधी लावून घ्या. नंतर आत ठोकणी पोचत नाही. सर्वांत जास्त पहिल्या केसेस याच चुकीने अडतात. टोपणाच्या आतल्या रिव्हेटवर पातळ चामड्याची टिकली चिकटवा, नाहीतर गळ्यावर चरे पडतात.

फोमच्या वरच्या 100 मिमीला साधा पांढरा फेविकॉल लावा आणि नळ्या सरकवा. इथे सोल्युशन वापरलंत तर अर्ध्यात चिकटून बसेल, ना वर ना खाली. पांढरा फेविकॉल ओला असेपर्यंत निसरडा असतो. दोन दिवस टोपण उघडं ठेवा, त्याआधी क्यू आत नको.

खांद्याचा पट्टा 35 मिमी रुंद, दोन तुकड्यांत: 700 आणि 550 मिमी, मध्ये बकल. लोकलमध्ये चढताना केस पुढे घ्यावी लागते, म्हणून आखूड करता येणारा पट्टाच घ्या.

कडा आणि शेवटचा हात

कडा 220, 400, 600 अशा क्रमाने घासा. कतिरा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून पातळ लापशीसारखा करा, कडेवर बोटाने लावा आणि जाड कॅनव्हासने जोरात चोळा. आधी कड मळकट आणि केसाळ दिसते. मिनिटभराने कापड गरम लागायला लागतं, तंतू बसतात आणि बघता बघता कड काचेसारखी चमकते. तंतू उभे राहिले तर डिंक कमी, चिकट राहिली तर जास्त.

रंग दिला असेल तर पांढऱ्या कापडाने पुसत राहा, कापड स्वच्छ येईपर्यंत. नाहीतर तो पहिल्याच पावसात शर्टच्या पाठीवर उतरेल. वर मेणाचं पातळ पॉलिश. नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांपासून काढलेलं, चामड्याला लावायचं तेल) वर्षातून एकदा, अगदी थेंबभर. तेल जास्त झालं तर इथल्या हवेत बुरशीला खाद्यच मिळतं.

वापरताना

बट रबर खाली करून, शाफ्ट टिप खाली करून ठेवा. शाफ्टच्या नळीत चॉकची पूड साठते. महिन्यातून एकदा केस उलटी करून हलके ठोका. टोपणात 10 ग्रॅम सिलिका जेलची पुडी ठेवा. दाणे नारिंगीचे हिरवट झाले की तव्यावर नको, ओव्हनमध्ये 110 अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा नारिंगी होतात.

केस भिजली तर आधी क्यू बाहेर काढा, मग केस पुसा आणि टोपण काढून पंख्याखाली आडवी ठेवा. बंद गाडीत मे महिन्यात ठेवू नका. कपाटात ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, जुनी सुती उशीची खोळ घाला. पांढरी बुरशी दिसली तर ती बाल्कनीत नेऊन कोरड्या कापडाने झटका, मग स्पिरिट आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसा. हे आधी तळाच्या आतल्या कडेवर करून बघा, स्पिरिटने काही रंग उतरतात.